इलेक्ट्रिक टेम्पो घेऊ का? देवगडच्या बागायतदाराला रत्नागिरीहून उत्तर

दादा, तुमचे प्रश्न दोन. पाच वर्षांत बॅटरीचं भंगार झालं तर काय? आणि ते भंगार बघता पर्यावरणाचं खरंच भलं होतं का? मी तीन वर्षं कोकम सरबताचे क्रेट रत्नागिरी, पावस, लांजा या फेऱ्यांना इलेक्ट्रिक टेम्पोतून नेतोय, त्यावरून सांगतो.

गाडी 58,000 किलोमीटर झाली. नवी असताना फुल चार्जवर 110 किलोमीटर जायची, आता 102. 58,000 ला 110 ने भागलं, तर पूर्ण चार्ज-डिस्चार्जची जेमतेम सव्वापाचशे चक्रं झाली. माझी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. ती नीट वापरली तर 2,000 च्या वर चक्रं काढते. तेव्हा धावण्याची भीती नको. आपल्याकडे बॅटरी उभ्याउभ्या म्हातारी होते. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली 100 टक्के चार्ज करून दिवसच्या दिवस ठेवणं तिला सगळ्यात वाईट. तुमचा हंगाम संपला की पावसाळाभर गाडी उभीच राहणार. ती 40-50 टक्क्यांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. रोजच्या वापरात मात्र एलएफपी अधूनमधून पूर्ण भरावीच लागते, नाहीतर मीटरवरचा टक्का खोटं बोलायला लागतो. आणि एक गंमत. ऑगस्टमध्ये गाडी चालूच होईना, मी म्हटलं गेले दीड-दोन लाख. बघतो तर मोठ्या बॅटरीहून वेगळी असलेली साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरलेली!

खाऱ्या वाऱ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. माझ्या चार्जिंग सॉकेटच्या पिना दुसऱ्याच पावसाळ्यात हिरव्या पडल्या. सर्व्हिसवाल्याने आधी चार्जरच बदलायला सांगितला होता. आता झाकण घट्ट लावतो, कोरड्या फडक्याने पुसतो. प्रेशरचं पाणी सॉकेटवर आणि जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलवर कधीच मारत नाही. गाडी पुरात बुडालीच, 2021 मध्ये चिपळुणात गाड्या बुडाल्या तशी, तर चालू करून बघू नका. घरापासून लांब मोकळ्यावर ठेवा, भिजलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

आता पर्यावरण. मीही आधी फुशारक्या मारायचो, मग हिशोब मांडला. जुना डिझेल टेम्पो लिटरला 16 द्यायचा. लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला 170 ग्रॅम. इलेक्ट्रिक टेम्पो वीजमीटरच्या एका युनिटला साडेचार किलोमीटर जातो. आपली वीज बहुतेक कोळशाची, युनिटला 0.7 किलो धरा. आले 155 ग्रॅम. शिवाय बॅटरी बनवताना होणाऱ्या कार्बनचं कर्ज वेगळंच. फरक पडला तो घरावर सोलर बसवल्यावर. मी पहाटे निघतो, दुपारी एकला परत येतो. तासभर गाडी गार होऊ देतो आणि सोलरच्या विजेवर चार्ज करतो. सोलर बसवणार नसाल तर पर्यावरणासाठी घेतोय असं म्हणू नका. डिझेलचा खर्च वाचवायला घ्या, तेही खरंच कारण आहे.

रिसायकलिंगचं: 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार संपलेली बॅटरी परत घेणं उत्पादकाची जबाबदारी आहे. पण शिशाच्या बॅटरीसारखे रोख पैसे हातात पडतील ही आशा सोडा. एलएफपीत कोबाल्ट नाही, निकेल नाही, उरतं तांबं, ॲल्युमिनियम आणि थोडं लिथियम. त्यामुळे भंगारवाल्याला ती नकोशी वाटते किंवा तो ती फोडायला बसतो, आणि फोडणं जिवावरचं आहे. म्हणून गाडी घेतानाच डीलरकडून लिहून घ्या, परत कोण नेणार आणि कुठून. क्षमता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली बॅटरी सोलरच्या साठवणीला अजून चालते, पण ते काम जाणत्याचं. गॅरेजवाल्याकडून पॅक उघडवू नका.

तुमच्या मार्गाबद्दल: कोल्हापूरला पेट्या न्यायच्या असतील तर घाट चढून तेवढं अंतर या गाडीचं नाही. ते काम ट्रान्सपोर्टला द्या. बागेतून पॅकिंगला आणि तिथून नांदगाव तिठ्यापर्यंत ती मजेत जाईल. आणि कधी घाटमाथ्यावर मुक्काम पडलाच तर तिथे फुल चार्ज करून उतरू नका. उतारावर मोटर गाडी आवरते आणि त्यातून वीज बनते; भरलेल्या बॅटरीला ती घेता येत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

तुमच्या पेट्यांचं एका फेरीचं वजन किती होतं ते कळवा, मग कुठला आकार पुरेल ते बघू.