'सर्व्ह ॲज' नेमकं कधी वापरायचं, आणि सरळ 'इज' का नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्रजी बातम्यांत, पुस्तकांत सारखं 'सर्व्हज ॲज' दिसतं, अर्थ तर 'आहे' असाच लागतो, मग सरळ 'इज' लिहिलं तर काय बिघडतं, 'वर्क्स ॲज', 'ॲक्ट्स ॲज' हे पण तेच का, आणि रेझ्युमेत यातलं काय लिहायचं. मी इंग्रजी शिकवते आणि हा प्रश्न मला फार आवडतो, कारण डिक्शनरीत 'च्या रूपात काम करणे' एवढं वाचून कुणाचंच समाधान होत नाही.

'इज' सांगतं की वस्तू काय आहे. 'सर्व्ह ॲज' सांगतं की ती कुठलं काम भागवतेय. या दोन गोष्टी वेगळ्या असतील तिथेच 'सर्व्ह ॲज'ला खरा अर्थ आहे. रिकामा खोका उलटा ठेवून त्यावर लॅपटॉप मांडला तर 'द बॉक्स सर्व्हज ॲज अ टेबल'. इथे 'द बॉक्स इज अ टेबल' म्हणता येणार नाही कारण खोका काही टेबल नाहीये, तो खोकाच आहे, फक्त टेबलाचं काम त्याच्यावर भागतंय.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे इस्तंबूलची हागिया सोफिया. इ.स. ५३७ मध्ये ती चर्च म्हणून बांधून पूर्ण झाली, १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर जिंकल्यावर तिची मशीद झाली, १९३५ मध्ये म्युझियम म्हणून उघडली आणि २०२० पासून परत मशीद आहे. म्हणजे इमारत तीच, काम मात्र बदलत गेलं. आता इंग्रजीत बघा, सुरुवातीला 'इट वॉज बिल्ट ॲज अ चर्च', कारण बांधलीच त्यासाठी होती, आणि पुढे 'इट सर्व्ह्ड ॲज अ मॉस्क फॉर सेंच्युरीज', 'लेटर इट सर्व्ह्ड ॲज अ म्युझियम'. या वाक्यांत 'वॉज' टाकलं तरी व्याकरण चुकत नाही, पण 'सर्व्ह्ड ॲज'मुळे वाचणाऱ्याला आपोआप कळतं की हे त्या इमारतीचं त्या काळातलं काम होतं, आधी किंवा नंतर काहीतरी वेगळं असणार.

तसंच बॉन शहराचं. जर्मनीची फाळणी झाल्यावर बर्लिन वापरता येईना म्हणून १९४९ पासून १९९० पर्यंत पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन होती आणि ती तात्पुरती सोय आहे असंच धरलं होतं, त्यामुळे 'बॉन सर्व्ह्ड ॲज द कॅपिटल ऑफ वेस्ट जर्मनी' हे वाक्य एकदम चपखल बसतं. पण आज 'बर्लिन सर्व्हज ॲज द कॅपिटल ऑफ जर्मनी' असं कोणी लिहिलं तर मी ते खोडून 'इज' करते. चूक नाही म्हणता येणार, पण वाचणारा उगाच थबकतो, की का बरं, खरी राजधानी दुसरी आहे की काय?

आणि हल्ली हे फार वाढलंय. प्रत्येक ठिकाणी 'इज' साधं वाटतं म्हणून 'सर्व्हज ॲज' घालायचं, त्याने लेखन भारदस्त होतं असं लोकांना वाटतं. माझं मत स्पष्ट आहे, 'इज' लिहून अर्थातलं काहीच हरवत नसेल तर 'इज'च लिहा.

आता मराठीतून विचार करताना कुठे अडतं ते सांगते. आपल्याकडे यासाठी एकच ठरलेला शब्द नाही, प्रसंगानुसार आपण वेगवेगळं बोलतो. माणूस पदावर असेल तर 'अध्यक्ष म्हणून काम पाहिलं', वस्तू असेल तर 'टेबल म्हणून वापरतो' किंवा 'टेबलाचं काम देतं', आणि एखादी घटना असेल तर 'इशारा ठरली', 'धडा ठरला'. इंग्रजीत या सगळ्याला 'सर्व्ह ॲज' चालतं. 'कोफी अन्नान सर्व्ह्ड ॲज सेक्रेटरी जनरल ऑफ द युनायटेड नेशन्स फ्रॉम १९९७ टू २००६' हे पद झालं. 'द ॲक्सिडेंट सर्व्ह्ड ॲज अ वॉर्निंग' ही घटना झाली, आणि इथे 'ठरणे' हे आपलं क्रियापद इतकं नेमकं बसतं की मी मुलांना सांगते, मराठीत 'ठरला' येत असेल तर इंग्रजीत 'सर्व्ह्ड ॲज' बिनधास्त वापरून बघा. बहुतेक वेळा जमतंच.

गडबड होते ती 'काम करतो' वरून. 'काम' आलं की हात आपोआप 'वर्क'कडे जातो आणि मग 'धिस रूम वर्क्स ॲज ॲन ऑफिस' असं वाक्य येतं. बोलताना कळतं सगळ्यांना, पण 'वर्क ॲज' मुख्यतः पोटापाण्याच्या कामासाठी, 'शी वर्क्स ॲज अ नर्स'. खोलीला 'सर्व्हज ॲज' बरं. उलट माणसाच्या साध्या नोकरीला 'सर्व्हज ॲज' लावलं तर ते जड वाटतं, ते न्यायाधीश, राजदूत, कॅप्टन, मंत्री अशा नेमणुकीच्या किंवा जबाबदारीच्या पदांना शोभतं.

'ॲक्ट ॲज' यापेक्षा जरा वेगळं आहे, त्यात काहीतरी क्रिया घडतेय, परिणाम होतोय असा भाव असतो. म्हणून सायन्समध्ये ते जास्त दिसतं. हेबर पद्धतीने अमोनिया बनवताना लोखंड उत्प्रेरक असतं, तिथे 'आयर्न ॲक्ट्स ॲज अ कॅटॅलिस्ट'. पण डीएनएची कॉपी होते तेव्हा दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुना धागा नव्याचा साचा बनतो, तिथे पुस्तकं बऱ्याचदा 'ईच स्ट्रँड सर्व्हज ॲज अ टेम्प्लेट' लिहितात, कारण साचा स्वतः काही करत नाही, त्याचा उपयोग होतो. हा फरक दगडावरची रेघ नाही, दोन्हीकडे दोन्ही सापडतील, पण कान तयार व्हायला उपयोगी आहे. माणसाच्या बाबतीत 'ॲक्ट ॲज' म्हणजे तेवढ्यापुरती भूमिका निभावणे, 'शी ॲक्टेड ॲज अवर इंटरप्रिटर', भाषा येत होती म्हणून दुभाष्याचं काम केलं. 'ॲक्ट लाइक' मात्र पूर्ण वेगळं, ते नुसतं वागणं झालं. आणि सिनेमात डॉक्टरचा रोल केला हे सांगायला 'ॲक्टेड ॲज अ डॉक्टर' नको, 'प्लेड अ डॉक्टर' म्हणा.

व्याकरणात सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'इज सर्व्ह्ड ॲज'. मराठीत आपण 'ही खोली ऑफिस म्हणून वापरली जाते' म्हणतो, त्याच्यावरून लोक 'धिस रूम इज सर्व्ह्ड ॲज ॲन ऑफिस' करतात. पण 'इज सर्व्ह्ड' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे ताट येतं, म्हणजे 'द सूप इज सर्व्ह्ड ॲज अ स्टार्टर' हे बरोबर, कारण सूप खरंच वाढलं जातंय. खोली वाढत नाहीत. तिथे 'सर्व्हज ॲज' किंवा मग 'इज यूज्ड ॲज'. यातही बारीकसा फरक आहे, 'यूज्ड' म्हटलं की कोणीतरी वापरणारा मागे उभा असतो, 'सर्व्हज' मध्ये वस्तू स्वतःच ते काम उचलते.

दुसरं म्हणजे 'ॲज' नंतर नाम येतं, क्रियापद हवं असेल तर 'टू' घ्यायचं. 'इट सर्व्हज ॲज अ रिमाइंडर' किंवा 'इट सर्व्हज टू रिमाइंड अस', पण 'सर्व्हज ॲज टू रिमाइंड' असं काही नसतं. आणि आर्टिकल विसरू नका, 'ॲज अ रिमाइंडर', 'ॲज अ टेबल' मध्ये 'अ' लागतोच. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे हा 'अ' सारखा गळतो. एकाच माणसाचं असलेलं पद असेल तर मात्र त्याच्याशिवाय चालतं, 'सर्व्ह्ड ॲज प्रेसिडेंट', 'सर्व्ह्ड ॲज कॅप्टन'. जिथे अनेक जण असू शकतात तिथे परत 'अ', 'सर्व्ह्ड ॲज अ जज'. कमिटीवर असाल तर 'ॲज' नाही, 'सर्व्ह ऑन अ कमिटी', आणि सैन्यात 'सर्व्ह इन द आर्मी'.

'इज सर्व्हिंग ॲज' चालतं का हे पण बरेच जण विचारतात. चालतं, पण सध्यापुरतं असेल तर. पाहुणे आहेत म्हणून आठवडाभर सोफ्यावर झोपताय तर 'द सोफा इज सर्व्हिंग ॲज माय बेड धिस वीक' अगदी नैसर्गिक आहे. कायमचं असेल तर साधं 'सर्व्हज'.

तुम्ही शेवटी रेझ्युमेचं विचारलंय. तिथे 'सर्व्ह्ड ॲज' टीम लीड, सेक्रेटरी, को-ऑर्डिनेटर अशा सोपवलेल्या जबाबदारीला लिहा. रोजच्या नोकरीला 'वर्क्ड ॲज' पुरेसं आहे, किंवा तेही नको, नुसतं पदाचं नाव, वर्षं, आणि खाली काय केलंत ते 'मॅनेज्ड', 'ट्रेन्ड', 'डिझाइन्ड' अशा क्रियापदांनी सुरू करा, कारण वाचणाऱ्याला तुम्ही कुठल्या पदावर होतात यापेक्षा तिथे काय केलंत हे जास्त हवं असतं.