पानाची एकच कड का फुटते? कोरीवकामाच्या सुरुवातीविषयी

नमस्कार. आपण बारा पटाश्यांचा तयार संच घेतला आहे, जुन्या कपाटाच्या सागवानी फळीवर वेलपत्तीचे उठावकाम सुरू केले आहे आणि प्रत्येक पानाची एक कड स्वच्छ निघते, तर दुसऱ्या कडेला लाकूड उचकटते, असे आपण लिहिले आहे. यावर अधिक महागडी हत्यारे घ्यावीत की विजेवर फिरणारे कोरणीयंत्र घ्यावे, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सध्या दोन्हींची गरज नाही. आपल्या वर्णनातच दोषाचे कारण दडलेले आहे, कारण हत्यार केवळ निकृष्ट असते तर दोन्ही कडा सारख्याच फुटल्या असत्या.

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब काड्यांची जुडी आहे असे समजा. या काड्या म्हणजे लाकडाचे रेषे. व्ही आकाराची पटाशी या काड्यांना तिरकी छेदत जाते, तेव्हा तिच्या एका बाजूचे पाते रेषे दाबत कापते आणि दुसऱ्या बाजूचे पाते त्यांच्या टोकांखाली शिरून ते उचलते. तिरक्या रेघेवर हे टाळताच येत नाही. हात कितीही स्थिर असला, तरी एक भिंत रेषांच्या विरुद्धच जाते. म्हणून पानाच्या आखलेल्या रेघेवर व्ही पटाशी थेट चालवू नये. रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर, म्हणजे जे लाकूड पुढे काढून टाकायचे आहे त्या भागात, चर पाडावा आणि मग रेघेपर्यंतचे उरलेले लाकूड साध्या किंवा किंचित गोल पटाशीने, त्या त्या भिंतीला मानवणाऱ्या दिशेने, पातळ ढलप्या काढत तासावे. पानाच्या एका बाजूला ही दिशा देठाकडून टोकाकडे असेल, तर दुसऱ्या बाजूला नेमकी उलट असू शकते.

दिशा ओळखण्याचा नियम सोपा आहे. उंचवटा कोरताना उंच भागाकडून सखल भागाकडे यावे. खळगा कोरताना दोन्ही काठांकडून तळाकडे उतरावे आणि तळ ओलांडून पलीकडच्या चढावर जाऊ नये. वर्तुळाकृती बाह्यरेषेत ही दिशा चार वेळा बदलते: रेषांना समांतर असलेल्या दोन बाजूंकडून जिथे रेषांची टोके उघडी पडतात त्या दोन बाजूंकडे, असे चार स्वतंत्र काप घ्यावे लागतात. पाते आत ओढले जात आहे आणि पुढे बारीक फट धावते आहे असे जाणवले, की जोर न वाढवता थांबून उलट्या बाजूने यावे. माझ्या मते नवशिक्याने पहिले सगळे दिवस एवढ्यावरच घालवले, तरी ते वाया जात नाहीत. टाकाऊ तुकड्यावर रेषांना समांतर, आडवे आणि तिरके असे चर पाडून दोन्ही भिंती न्याहाळल्या, तर कोणत्याही नमुन्यापेक्षा अधिक शिकायला मिळते.

नमुना आखतानाही रेषांचा विचार हवा. बारीक देठ रेषांच्या दिशेने गेला तर टिकतो. आडवा गेला तर हलक्या धक्क्यानेही तुटतो, कारण त्याला जोडून ठेवणारे रेषे फार आखूड उरतात. पानांच्या टोकांबाबतही हेच घडते. अशा नाजूक जागी पटाशी सरळ उभी धरून हातोड्याने खोल ठोकू नये, कारण पाते पाचरीसारखा दाब देऊन टोक उडवते. आधी बाहेरचे लाकूड मोकळे करावे, मग थोडे थोडे खाली उतरावे आणि भिंतीला किंचित बाहेरचा उतार ठेवावा.

आता धारेविषयी. तयार संचांतील पटाश्या बहुतेकदा यंत्रावर घासून आकार दिलेल्या, परंतु कोरण्याजोगी धार नसलेल्या असतात. आपल्या बारापैकी तीनच बाजूला काढा: एक सपाट, एक उथळ गोल आणि एक व्ही आकाराची. बाकीच्या नऊ सध्या विसरा. सपाट आणि गोल पटाशीचा उतार साधारण 20 ते 25 अंशांचा ठेवून 1000 क्रमांकाच्या दगडावर घासा (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक). संपूर्ण धारेच्या मागे धातूची अतिसूक्ष्म कड उठलेली बोटाला जाणवली, की 4000 ते 6000 क्रमांकाच्या दगडावर या. गोल पटाशी दगडावर घासताना मनगटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळवावी लागते. नुसती मध्यावर घासली तर कोपरे बोथट राहतात आणि मधला भाग खोल झिजतो. तिच्या आतल्या बाजूची कड लाकडी दांडीला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढता येते. व्ही पटाशी मात्र आधी जाणकाराकडून धार लावून घ्यावी, कारण तिच्या दोन पात्यांचा सांधा नीट जमणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. शेवटी पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते नेहमी मागे ओढत फिरवावे. पुढे ढकलले तर ते चामडे कापते आणि धारही गोलावते.

वेगाने फिरणाऱ्या कोरड्या सहाणेवर धार लावणे टाळा. पाते तापून निळसर झाले, की त्या भागातील पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकेनाशी होते.

धारेची परीक्षा कागद कापून किंवा अंगठ्यावर फिरवून करू नये. मऊ लाकडावर रेषांना आडवा काप घ्यावा. चराचा पृष्ठभाग चकचकीत निघाला, तर धार योग्य आहे. तो खरखरीत आणि निस्तेज दिसला, तर नाही. आणि चकचकीत चरात कापाच्या दिशेने पांढरट रेघ उमटली, तर पात्याला त्या ठिकाणी बारीक खाच पडली आहे. काम करताना ही रेघ दिसू लागण्याची वाट पाहू नये. अधूनमधून पट्ट्यावर पाते फिरवले, तर दगडाची वेळ फार क्वचित येते.

सागवान मात्र सध्या बाजूला ठेवावे, असा माझा आग्रह आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते, आणि नवशिक्याला चूक दिशेची आहे की धारेची हेच कळत नाही. शिवाय जुन्या फळीत तुटलेले खिळे राहिलेले असू शकतात. शिकण्यासाठी बासवुड (कोरीवकामासाठी वापरले जाणारे परदेशी मऊ लाकूड) किंवा शिवण यांसारखे मऊ, एकसारख्या पोताचे, नीट सुकलेले आणि गाठी नसलेले लाकूड घ्यावे, महागनी त्यानंतर. स्वस्त आणि मऊ म्हणून पाइन घेण्याचा मोह होतो, परंतु त्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. कमी धारेखाली मऊ पट्टा चेपतो आणि कठीण पट्टा पात्याला अडवतो. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) यांचा या कामासाठी विचारच करू नये. ताजे, ओले लाकूड सहज कापले जाते हे खरे, पण ते वाळताना आकसते, आणि हे आकसणे वार्षिक वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. त्यामुळे जाड उठावकामाला तडे जातात. चमचे मात्र ओल्या लाकडाचे चांगले होतात, कारण त्यांची भिंत पातळ असते.

यंत्राविषयी आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून सांगतो. फिरणारे दाते लाकूड कापण्याऐवजी खरवडतात, त्यामुळे रेषांची दिशा फारशी जाणवत नाही आणि नेमके जे शिकायचे तेच बाजूला राहते. शिवाय त्याचा भुसा अत्यंत बारीक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. पुढे कधी यंत्र घेतलेत, तर योग्य मास्क आणि धूळ ओढून घेणारी सोय यांचा विचार आधी करावा, आणि ते चालवताना हातमोजे घालू नयेत, कारण कापड दात्यांत अडकून हात ओढला जातो.

हाताच्या हत्यारांत बऱ्याच जखमा लाकूड एका हातात धरून दुसऱ्याने पटाशी ढकलल्यामुळे होतात. फळी क्लॅम्पने घट्ट बसवावी आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत: एक हात जोर देतो, तर दुसरा फळीवर टेकून पात्याला आवर घालतो. सुरीने छोटी वस्तू कोरायची असेल, तर धरणाऱ्या हातात काप न लागणारा मोजा घालावा. तो सरकत्या धारेपासून वाचवतो, टोक घुसण्यापासून नाही. मांडीवर लाकूड ठेवून कधीही कोरू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते.

पॉलिश पेपर सर्व कोरणे संपल्याशिवाय हातात घेऊ नका. त्याचे कण रेषांत रुततात आणि नंतर फिरणाऱ्या पटाशीची धार घालवतात. धारदार पात्याने निघालेल्या पृष्ठभागाला तर अनेकदा त्याची गरजही नसते. जवसाचे तेल लावणार असाल, तर वापरलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगातील चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर मोकळ्या जागेत पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.