स्ट्रिंगसाठी साधं हॅश फंक्शन: नुसती बेरीज का चालत नाही?

तुम्ही सी भाषेत गावांच्या नावांचं हॅश टेबल करताय, म्हणजे अक्षरांच्या माळेवरून (स्ट्रिंगवरून) एक आकडा, म्हणजे हॅश, काढायचा आणि त्यावरून ठरलेल्या खान्यात नाव ठेवायचं. इंग्रजी नावातल्या सगळ्या अक्षरांचे कोड मिळवून दहा हजारांनी भागता आणि उरलेली बाकी हा इंडेक्स, म्हणजे खान्याचा क्रमांक, धरता. नावं मात्र सुरुवातीच्याच खान्यांत दाटीवाटीने बसतात आणि मराठी नावं टाकली की प्रोग्रॅम क्रॅश होतो, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं बेरजेचं. स्मॉल अक्षरांतल्या आठ अक्षरी नावाची बेरीज जास्तीत जास्त ९७६ होते, म्हणजे नऊ हजारांहून जास्त खाने कोरेच. शिवाय बेरजेत क्रम हरवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'व' २३५७ आणि 'न' २३४४. 'वन' लिहा की 'नव', बेरीज ४७०१च.

म्हणून पुढचा कोड मिळवण्याआधी आतापर्यंतच्या हॅशला ३१ ने गुणा. आता 'वन' ७५४११ आणि 'नव' ७५०२१. जावातलं स्ट्रिंगचं हॅशकोड याच पद्धतीने निघतं. सी-मध्ये मी डीजेबी२ हे हॅश फंक्शन वापरायला सांगेन: हॅश ५३८१ पासून सुरू करा आणि स्ट्रिंग संपेपर्यंत दर बाइटला 'हॅश गुणिले ३३ अधिक बाइट' एवढंच करा. लूपच्या आत एकच ओळ. टेबलाचा आकार मात्र ३३ ठेवू नका, नाहीतर हॅश ओव्हरफ्लो होईपर्यंत (ठरलेल्या बिटांत मावेनासा होईपर्यंत) बाकीत फक्त शेवटच्या बाइटचाच परिणाम उरेल. १०००७ ही मूळ संख्या आहे, ती घ्या.

आता क्रॅश. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचा एक क्रमांक, तीन बाइटचा असतो आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. 'व' म्हणजे २२४, १६४, १८१. इंटेलच्या मशीनवर साधा 'चार' (char, सी-मधला एका बाइटचा प्रकार) सहसा साइन्ड, म्हणजे उणे संख्याही धरणारा, असतो, त्यामुळे २२४ चे उणे ३२ होतात, बेरीज उणे, बाकी उणे आणि इंडेक्स ॲरेच्या बाहेर. प्रत्येक बाइट अनसाइन्ड 'चार' (उणे संख्या नसलेला) म्हणून वाचा आणि हॅशही अनसाइन्ड ३२ बिटचाच ठेवा. अनसाइन्ड संख्या ओव्हरफ्लो झाली तरी सी-च्या नियमात बसतं. साइन्ड झाली तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. आणखी एक: एआरएम लिनक्सवर 'चार' बहुधा अनसाइन्ड असतो, म्हणून हॅश फाइलमध्ये साठवलात तर तोच कोड दोन मशीनवर वेगळी उत्तरं देईल.

एवढं करूनही टकरी (दोन वेगळ्या स्ट्रिंगना एकच हॅश) होणारच. ३१ च्या पद्धतीत 'कॅपिटल ए, स्मॉल ए' आणि 'दोन कॅपिटल बी' या दोन्ही स्ट्रिंगचा हॅश २११२ येतो. तेव्हा खाना सापडला तरी पूर्ण स्ट्रिंग ताडून बघायलाच हवी. पासवर्डसाठी तर यातलं काहीही वापरू नका.

मराठी गावांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'कऱ्हाड'. यातला 'ऱ' एकाच कोडपॉइंटने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन कोडपॉइंटनी. स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा आणि शोध रिकाम्या हाताने परत. हॅश करण्याआधी स्ट्रिंग एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं) रूपात आणा, म्हणजे ही दोन रूपं एक होतील. काही जण तेच 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असं टाइप करतात. ते एनएफसीने बदलत नाही, त्याची अदलाबदल तुम्हालाच कोडमध्ये लिहावी लागेल.