आधी वाट आखा, मग खोल्या

नाशिक

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या आरोग्य केंद्राचा तुझा प्लॅन पाहिला. तीन हजार विद्यार्थ्यांसाठी दीडशे ते पावणेदोनशे चौरस मीटर धरलेस, ते बरोबर आहे. तपासणी, ड्रेसिंग, मुलामुलींसाठी वेगळ्या दोन-दोन खाटा, समुपदेशनाच्या दोन खोल्या, एक गटाची खोली, सगळं बसलंय. पण पोरगं तिथवर पोहोचणार कसं आणि बाहेर पडणार कसं, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही. अशी केंद्रं ओस पडतात ती बहुतेक वेळा याच कारणानं.

समुपदेशनाची खोली तू प्राचार्यांच्या केबिनशेजारी ठेवलीस. संस्थाचालकांना ते आवडेल, म्हणतील लक्ष राहील. पण तिथे जाणाऱ्या मुलीला ऑफिसातले सगळे बघणार आणि संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर होणार. केंद्र अशा वाटेवर ठेव जिथून पोरं तसंही जातात: ग्रंथालय, कँटीन, खेळाचं मैदान. दार एकच, पाटीही एकच, 'आरोग्य केंद्र'. आत शिरल्यावर ताप आलेला एकीकडे वळेल, समुपदेशनाला आलेला दुसरीकडे, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. समुपदेशनाच्या बाजूला बाहेर पडायचं वेगळं दार दे, म्हणजे रडून लाल झालेले डोळे घेऊन कुणाला प्रतीक्षाकक्षातून जावं लागणार नाही. बसायची बाकं रस्त्याकडे पाठ करून लाव, आणि काचेऐवजी विटांची जाळी घाल. वारा येतो, चेहरे दिसत नाहीत.

आता आवाज. यात हयगय झाली तर बाकी सगळं फुकट. तू समुपदेशनाच्या खोल्यांमध्ये जिप्समची भिंत दाखवलीस आणि ती फॉल्स सीलिंगपाशी थांबवलीस. आवाज वरून सरळ पलीकडे जाईल. भिंत स्लॅबला भिडली पाहिजे आणि वरची फट मॉर्टरने भरली पाहिजे. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली ९ इंची विटांची भिंत इथे सर्वांत खात्रीची. एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचा) हलका असतो, म्हणून तेवढ्याच जाडीत आवाज जास्त सोडतो. स्वस्त पडतो म्हणून कंत्राटदार तोच सुचवेल, ऐकू नकोस. स्विचबोर्डाचे डबे भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून बसवू देऊ नको, मधे निदान दोन फूट अंतर ठेव. दार भरीव फ्लशचं, ३५ मिलिमीटरचं, चौकटीला रबराची पट्टी. खाली उंबरठा घालता येत नाही, व्हीलचेअर अडते. म्हणून दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी बसव. रंगाच्या आधी परीक्षा घे: एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचं, दुसऱ्याने बाहेरच्या बाकावर बसायचं. कुणी बोलतंय एवढं कळलं तर चालेल, शब्द कळले तर भिंत नापास.

त्या खोलीत टेबल मधे ठेवू नको. दोन खुर्च्या एकमेकींना काटकोनात, छोटं टीपॉय बाजूला, दार दोघांनाही मोकळं. आलेला माणूस कोपऱ्यात कोंडल्यासारखा बसता कामा नये, आणि समुपदेशकाचीही वाट अडता कामा नये. दहा-अकरा चौरस मीटर पुरे. याहून मोठी खोली मोकळी-मोकळी वाटते आणि माणूस बोलत नाही. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रतीक्षाकक्षात तर लावाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा. तिथे तो कुणाच्या नकळत मोबाइलमध्ये घेता येतो.

हवेचं गणित नाशिकचं आहे, मुंबईचं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, आणि खिडकी उघडी ठेवा असं कितीही लिहून लावलंस तरी मावशी ती बंदच करणार. मग खोकणाऱ्या आठ जणांची हवा आठ जणांतच फिरते. म्हणून प्रतीक्षाकक्षात समोरासमोरच्या भिंतींवर, साडेसात फुटांच्या वर, बंदच करता येणार नाहीत अशी झडपांची वेंटिलेटर ठेव. वारा डोक्यावरून जातो, अंगावर येत नाही. पश्चिमेच्या वेंटिलेटरला खोल छज्जा हवा, नाहीतर जुलैत आत पाणी.

गारठ्याचा आणखी एक मुद्दा आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, हरसूल भागातून येणाऱ्या मुलांत काहींना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन गोष्टींनी त्यांच्या वेदना उफाळतात. विश्रांतीच्या खोलीला गरम पाणी, जाड ब्लँकेट आणि खाटेवरून हाताला येईल असं पिण्याचं पाणी लागतं. यात खर्च फारसा नाही, पण प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये गीझरची लाइन आजच हवी, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.

रॅम्प तू 'नंतर बसवू' असं लिहिलंयस. तसं होत नसतं. प्लिंथ, म्हणजे जोतं, ४५ सेंटीमीटर, उतार १:१२, म्हणजे नुसता रॅम्पच ५.४ मीटर, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सपाट जागा धरली की ८.४ मीटर. मागाहून जागा सापडत नाही आणि मग घसरगुंडी होते. त्यावर पॉलिश केलेली कोटा फरशी लावू नकोस, छिन्नीने टाकी मारून खडबडीत केलेला दगड लाव. स्ट्रेचरसाठी दार १.२ मीटर, कॉरिडॉर १.८ मीटर, वळणावर स्ट्रेचरची पूर्ण लांबी फिरते का ते कागद कापून प्लॅनवर फिरवून बघ. पोर्च निदान सव्वातीन मीटर उंच ठेव, नाहीतर १०८ ची गाडी बाहेर उभी राहील आणि पेशंट पावसात.

वैद्यकीय कचऱ्याला जागाच दिलेली नाहीस. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतून अशी छोटी केंद्रंही सुटत नाहीत. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार डबे आणि बाहेरून उघडणारी, कुलपाची तीन चौरस मीटरची खोली. ड्रेसिंगचा पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शनिवार-रविवार-सोमवार सुट्टी आली की घोळ होतो, तेव्हा उचलणाऱ्या संस्थेशी वार आधीच ठरवायला सांग.

आणि व्यायामशाळा तू समुपदेशनाच्या खोल्यांच्या डोक्यावर काढलीस? अजिबात नको. डंबेल पडलं की खाली बसलेला दचकतो. शिवाय वर्गखोलीचा स्लॅब चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरून केलेला असतो, व्यायामशाळेला ५ धरतात. जुन्या इमारतीचा वरचा मजला तसा वापरायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच. तळमजला घे. प्रत्येक ट्रेडमिलला वेगळी १६ अँपिअरची लाइन, पॉइंट मशिनच्या पुढच्या टोकाशी जमिनीत. वायर चालण्याच्या वाटेवर आली की कुणीतरी पडणारच. वजन डोक्यावर उचलायच्या जागी छताचा पंखा नको, भिंतीचा लाव.

पण माझं ऐकशील तर ट्रेडमिल दोन कमी कर आणि ते पैसे बाहेरच्या पळण्याच्या पट्ट्यात घाल. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या बाजूच्या मुली पळतातच, त्यांना लागतो तो सपाट पट्टा आणि जवळ कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली. तुझी साइट काळ्या मातीची आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ब्लॉक, उचलून टाकते. ६० सेंटीमीटर माती काढ, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत मुरूम भर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर, आडवा उतार १:५०, कडेने गटार. रुंदी २.४ मीटर, म्हणजे चालणारे आणि पळणारे एकमेकांच्या पायांत येत नाहीत. पेव्हर घालूच नको, गुडघ्यांनाही ते बरे नाहीत.

एक शेवटचं. पुढचं ड्रॉइंग १:५० या प्रमाणात पाठव, भिंतींच्या जाडीसकट आणि दारं कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवून. १:१०० मध्ये तुझं स्वच्छतागृहाचं दार व्हीलचेअरच्या जागेत उघडतंय हे तुलाही दिसलं नाही. ते बाहेर उघडणारं कर, किंवा सरकतं.

कळावे, लोभ असावा.