पहिली फळाची प्युरी करताना

बाळाला सहा महिने झाले, मान धरतंय, टेकून बसतंय, मग करा सुरुवात. सफरचंद किंवा पेअरपासून केलेली बरी. साल आणि बिया काढून फोडी वाफवा. काटा आरपार सहज गेला पाहिजे, साधारण 10-12 मिनिटं. घाई केलीत तर मिक्सरमध्ये कितीही फिरवा, कण राहतातच, आणि बाळ नेमका तोच कण जिभेनं बाहेर ढकलतं. घट्ट वाटली तर वाफवतानाचंच पाणी चमचा-चमचा घाला. केळ्याला यातलं काही नको, काट्यानं कुस्करलं की झालं.

साखर, मीठ नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

मी पहिल्याच दिवशी वाटीभर केली होती. बाळानं खाल्ले दोन चमचे, बाकी माझ्या पोटात! आता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, लागेल तेवढा खडा काढते. फ्रिजमध्ये ठेवलीत तर दोन दिवसांत संपवा. उष्टा चमचा बुडालेली उरली तर टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

नवं फळ दिलं की तीन दिवस दुसरं नवं काही नको. पुरळ किंवा उलटी झाली तर कशानं ते लगेच कळतं. तोंड वाकडं केलं म्हणजे आवडलं नाही असं नव्हे. चार दिवसांनी परत देऊन बघा.