बंगल्यांच्या रेंडरिंगसाठी व्ही-रे, एन्स्केप की लुमियन?

तुम्ही विचारलंय की चिपळूणला बसून गुहागर-दापोलीकडच्या बंगल्यांचं रेंडरिंग (म्हणजे घर बांधण्याआधी ते कसं दिसेल याचं खऱ्यासारखं चित्र) करायचंय, घराचं थ्रीडी मॉडेल स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये असतं, तर व्ही-रे, एन्स्केप, लुमियन या रेंडरिंगच्या तीन सॉफ्टवेअरपैकी काय घ्यावं. एन्स्केप घ्या. इकडे भिंत सरकवली की तिकडे ऊन सरकतं, आणि कोकणात घर काढताना हे जागच्या जागी दिसायलाच हवं. या उन्हापायी मी नोकरी सोडलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

काही वर्षांपूर्वी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होतो. धोपाव्याजवळ होमस्टेचं काम आलं. जागा खाडीच्या दक्षिण काठावर, म्हणजे पाणी उत्तरेला, समोर दाभोळ, मधून फेरीबोट. सरांनी उत्तरेची अख्खी भिंत काचेची काढली. दहा फूट उंच, आणि वर वीतभरसुद्धा पुढे आलेलं छप्पर नाही. "उत्तरेला नुसता उजेड असतो, ऊन येत नाही," हे त्यांचं ठाम मत.

माझी आई मे महिन्यात आमसुलं वाळवते ती उत्तरेच्या पायरीवर. कोकमाची सालं रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची. तो रस ठिबकून चिऱ्यावर जांभळट डाग पडलेत, ते पावसाळ्यातही जात नाहीत. त्या पायरीवर ऊन येतं म्हणूनच ती तिथे बसते. आपण कर्कवृत्ताच्या खाली, गुहागर साधारण साडेसतरा अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेलाच असतो. जून-जुलै ढगात जातात, पण मे म्हणजे होमस्टेचा भर सीझन.

मी मॉडेलला धोपाव्याचं लोकेशन दिलं, तारीख ३० मे, वेळ दुपारी साडेतीन. एन्स्केपमध्ये काचेच्या आत फरशीवर दोन फुटांचा उन्हाचा पट्टा. साडेपाच केले तर पट्टा सोफ्याला टेकला. सर म्हणाले, "हे खेळणं आहे, व्ही-रेमध्ये टाक." रात्री मशीन लावून ठेवलं, पहाटे लाईट गेली, सकाळी पुन्हा लावलं. पट्टा तिथेच. असणारच, दोन्ही स्केचअपचाच सूर्य घेतात.

मग सरांनी माझं मॉडेल दुसऱ्या मुलाकडून त्यांच्या जुन्या फाइलमध्ये टाकून घेतलं. वेळ तीच, साडेतीन, आणि पट्टा गायब. फाइल उघडून बघतो तर लोकेशन बोल्डर, कोलोरॅडो. स्केचअपला तुम्ही जागा सांगितली नाही तर ते हेच अमेरिकेतलं गाव धरून चालतं. ते ४० अंशांवर, तिथे मे अखेरीस त्या वेळेला सूर्य अजून दक्षिणेच्या अंगाला असतो. म्हणजे त्या ऑफिसातली कित्येक कोकणातली घरं अमेरिकेच्या उन्हात रेंडर झाली होती. मी सरांना दाखवलं. "चित्र चांगलं दिसतंय ना, मग झालं," म्हणाले. तेच क्लायंटकडे गेलं. तीन महिन्यांनी मी निघालो.

चित्र चांगलं दिसणं हे आपलं काम नाही, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. माणूस त्या चित्राच्या भरवशावर कर्ज काढतो.

लुमियनबद्दल: झाडं, पाऊस, फिरता व्हिडिओ यात ते सरस आहे, क्लायंट खूश होतो. पण त्यात सूर्य हाताने हवा तिथे ओढता येतो, म्हणून उन्हाच्या बाबतीत मी त्याच्या चित्रावर विसंबत नाही. व्ही-रे वाईट मुळीच नाही. बंद खोलीतलं इंटिरिअर, पितळ, काच, कापड दाखवायचं असेल तर मीही तेच वापरतो. व्ही-रे आणि एन्स्केपच्या कंपन्या २०२२ मध्ये एकत्र आल्यात, त्यामुळे एन्स्केपचा सीन व्ही-रेमध्ये नेता येतो. आणि हे आधी सांगायला हवं होतं: एन्स्केप आणि लुमियन दोन्हींना बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. पैसे नसतील तर सध्या ट्विनमोशन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हात बसवा, वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्याला ते फुकट आहे. घ्याल ते घ्या, पण स्केचअपच्या मॉडेल इन्फोमध्ये जिओ-लोकेशन (मॉडेलची जागा) आणि टाइम झोन तपासल्याशिवाय रेंडरचं बटण दाबू नका.

ते घर आता फेरीबोटीतून दिसतं. काचेला बाहेरून हिरवी शेडनेट बांधलीय, नायलॉनच्या दोरीने. मालक एकदा बोटीवर भेटले. "अहो, मे महिन्यात चारनंतर पाहुणे त्या हॉलात बसतच नाहीत, दोन एसी लावून झाले." सहा फुटांची पडवी काढली असती तर एवढं ऊन आत आलंच नसतं. गेल्या ३० मेला मी मुद्दाम गेलो. मालकांनी शेडनेट वर धरली, मी टेप लावली. संध्याकाळी साडेपाच वाजता, काचेपासून आत पावणेआठ फूट ऊन.