वाचक विचारतात : जिन आली, तरी गुलाम का वाढले?

प्रश्न : आमच्याकडे गावोगाव जिनिंग आहेत. अमेरिकेत १७९३ मध्ये कापसातून सरकी काढणारी जिन निघाली, म्हणजे माणसांचं काम कमी झालं असणार. मग गुलामगिरी उलट वाढली कशी?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : जिनने एकच काम हलकं केलं, सरकीपासून रुई सोडवण्याचं. अमेरिकेच्या आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात रुई हिरव्या सरकीला घट्ट चिकटलेली असते. हाताने एका माणसाची दिवसाकाठी जेमतेम पौंडभर, म्हणजे अर्धा किलोही रुई निघत नसे. ही जिन काढणाऱ्या एली व्हिटनीच्या यंत्रात रुळावर तारेचे दात होते. सरकी जाणार नाही इतक्या अरुंद फटींतून ते रुई ओढून घेत आणि मागचा फिरता ब्रश ती झाडून काढी. दिवसाला पन्नास पौंड होऊ लागले. (हे दात लांब धागा तोडतात, म्हणून समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाला दोन रुळांमधून रुई ओढणारी रोलर जिनच राहिली.)

पण निंदणी आणि वेचणी हातानेच राहिली. ऐन हंगामात वेचणीला किती हात लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. रुई काढण्याचा अडसर जाताच लागवड जॉर्जियापासून मिसिसिपीपलीकडे पसरली. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, देशातल्या देशात विकायला नव्हती. व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं दक्षिणेला विकली गेली. आई एका मळ्यावर, मूल दुसऱ्या. विकून किंवा मालकाबरोबर, दहा लाखांच्या आसपास माणसं अशी हलवली गेली.

१८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, अमेरिकी कापसावर चालणाऱ्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि खानदेशच्या कापसाला भाव चढला. भाव चढताच भेसळही वाढली. मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तेजी बसली. ती तेजी सांगताना आधीची ही सत्तर वर्षं वगळू नयेत.

प्रश्न : गुलामांचे युरोपी व्यापारी आफ्रिकेत कवड्या देऊन माणसं विकत घेत, हे खरं का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : खरं आहे. नुसत्या कवड्या नव्हेत. गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड, लोखंडाच्या पट्ट्या, बंदुका, दारूही देत. कवड्या मालदीवच्या. सिलोन, बंगालमार्गे त्या डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांत तळाचं वजन म्हणून भरून ॲमस्टरडॅम, लंडनला जात आणि तिथून आजच्या बेनिनमधल्या विदाह बंदराला. चाळीस कवड्यांची एक माळ धरत. ओझं कमी म्हणून लहान कवडीच मागत. पुढे झांझिबारकडच्या मोठ्या कवड्या जहाजं भरभरून आल्या, तेव्हा कवडीचा भावच बुडाला.

१५०१ ते १८६६ या काळात आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं अटलांटिकपार नेणाऱ्या जहाजांवर चढवली गेली. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास समुद्रातच मेली.